प्रोसेसरवर पेस्ट की पॅड? आधी फट किती आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: जळगावात लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्याचा व्यवसाय आहे. डेस्कटॉपमध्ये रायझन 5 5600जी हा प्रोसेसर आणि त्याच्यासोबत खोक्यात आलेलाच कूलर. एप्रिल लागल्यापासून रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ अंतिम फाइलमध्ये तयार करणं) सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांनी वेग पडायचा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता नेणारी पेस्ट लावलेली असते. दुकानदार म्हणाला, ‘पेस्ट वाळते, पॅड टाका, कायमची कटकट मिटेल.’ म्हणून 1 मिलिमीटर जाडीचा, पाकिटावर 12.8 आकडा छापलेला निळा पॅड आणून बसवला. आता रेंडर सुरू करताच काही सेकंदांत तापमान 95 अंशांवर जातं. घरात तीन वर्षांचा एक गेमिंग लॅपटॉप आहे, तोही तापतो. उरलेला पॅड त्यात वापरावा का?

आधी उत्तर देतो, कारण तुमचा सीझन चालू आहे आणि मशीन अडून बसलंय. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवरचा पॅड आजच काढा आणि साधी चांगली पेस्ट लावा. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर तो पॅड अजिबात टाकू नका. पण एवढ्याने तुमचं काम पूर्ण होणार नाही, कारण तुमची मूळ तक्रार पेस्टची नव्हतीच असं मला तुमच्या वर्णनावरून दिसतं. ते कसं, हे नीट सांगतो.

प्रोसेसरवरचं धातूचं झाकण आणि कूलरचा तळ हाताला गुळगुळीत लागतात, पण ते खरे सपाट नसतात. बारीक ओरखडे, उंचवटे, मधे किंचित खोलगटपणा हे सगळं असतं. दोन्ही एकमेकांवर दाबले की धातूला धातू थोड्याच ठिकाणी टेकतो, बाकी जागेत हवा अडकते. हवा उष्णतेच्या बाबतीत अगदी नालायक. उष्णता वाहून नेण्याची क्षमता ज्या एककात मोजतात (वॅट प्रति मीटर केल्विन), त्यात हवेचा आकडा 0.026 च्या आसपास, ॲल्युमिनियमचा 200 च्या वर आणि तांब्याचा 400 च्या जवळ. पेस्टचं काम फक्त त्या हवेला हुसकावून तिची जागा घेण्याचं. रंगारी भिंतीला लांबी भरतो ना, तसं. लांबी भेगांत भरायची असते, भिंतीवर तिचा जाड थर चढवायचा नसतो. कूलरच्या दाबाखाली चांगली पेस्ट इतकी पसरते की थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा, म्हणजे 0.05 मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ उरतो.

पॅडचं काम वेगळं. जिथे दोन वस्तूंमध्ये खरोखरच अंतर आहे आणि ते मिटवता येत नाही, तिथे पॅड लागतो. ग्राफिक्स कार्डवरच्या मेमरी चिप्स घ्या. मधली मुख्य चिप आणि तिच्या भोवतीच्या मेमरीची उंची सारखी नसते, वरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) मात्र एकच. तो मुख्य चिपवर घट्ट बसला की मेमरीवर अर्धा, एक, दीड मिलिमीटर फट राहते. तिथे पेस्ट टिकणार नाही, पोचणारही नाही. मऊ सिलिकॉन पॅड चेपून ती फट भरतो.

आता पाकिटावरच्या 12.8 कडे येऊ, कारण फसवणूक इथेच होते. तो उष्णता वाहून नेण्याच्या त्याच क्षमतेचा आकडा आहे. पेस्टच्या नळीवर 8 किंवा 5 लिहिलेलं आणि पॅडवर 12.8, साहजिकच माणसाला वाटतं पॅड सरस. पण उष्णतेला होणारा अडथळा त्या आकड्याइतकाच जाडीवरही ठरतो. जाडीला त्या आकड्याने भागा. पेस्ट साधी, 5 ची धरली तरी 0.05 भागिले 5, म्हणजे 0.01. तुमचा पॅड 1 भागिले 12.8, म्हणजे जवळजवळ 0.08. पाकिटावरचा शब्द न् शब्द खरा मानला तरी पॅडचा अडथळा आठपट. स्वस्त पॅडवरचे आकडे फुगवलेले असण्याची शक्यता मोठी, मग तो पंधरापटही होऊ शकतो. पॅड दाबाखाली थोडा चेपतो, पण त्याने 1 चा 0.05 होत नाही.

हेच अंशांत मांडतो. 5600जी पूर्ण जोर लावतो तेव्हा कारखान्याच्या सेटिंगवर 88 वॅटपर्यंत वीज घेतो. झाकणाच्या ज्या भागातून उष्णता मुख्यतः वर जाते तो ढोबळ 6 चौरस सेंटिमीटर धरला, तर पेस्टच्या थरात जेमतेम दीड अंश जातो आणि पॅडमध्ये साडेअकरा. पॅड पाकिटावरच्या आकड्याच्या निम्माच निघाला तर 23. या प्रोसेसरची कमाल मर्यादा 95 अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. आधीच कडेला आलेल्या मशीनवर तुम्ही आणखी 10-20 अंशांचं ओझं टाकलंत.

आता मूळ दुखण्याकडे येतो. मी 22 वर्षं हे काम करतोय आणि तापणारं मशीन टेबलावर आलं की पहिला प्रश्न एकच विचारतो: किती वेळात तापतं? लोड दिल्याबरोबर, एक-दोन सेकंदांत आकडा उसळी मारून 90 च्या पुढे गेला तर चिप आणि कूलर यांच्यामधला संपर्क बिघडलेला असतो. पेस्ट संपलेली, स्क्रू सैल, किंवा मधे काही नको ते आलेलं. उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाही म्हणून आकडा क्षणात चढतो. याउलट आकडा हळूहळू, पाच-दहा-पंधरा मिनिटं घेत चढत गेला, तर संपर्क ठीक आहे. कूलरपर्यंत उष्णता पोचतेय, पण कूलरला ती हवेत टाकता येत नाही. धूळ, कॅबिनेटमधली कोंडी, खोलीचं तापमान, नाहीतर मुळात कूलरच अपुरा.

तुमचं मशीन पॅड टाकण्याआधी दहा-पंधरा मिनिटं घेत होतं, आणि पॅड टाकल्यावर सेकंदांत तापू लागलं. म्हणजे आधी संपर्क चांगला होता, तो आता बिघडला. दुकानदाराने भलत्याच आजारावर औषध दिलं. त्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. ‘पेस्ट बदला’ हे आमच्या धंद्यात डोकेदुखीवरच्या गोळीसारखं झालंय, तपासण्याआधीच दिलं जातं. पण त्यामुळे गिऱ्हाइकाचे पैसे जातात, दिवस जातात, आणि ऐन लग्नसराईत तुमच्यासारख्याची अडचण होते, याचं मला वाईट वाटतं.

खोलीचं तापमान ही गोष्ट आपल्याकडे फार कमी धरली जाते. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या वर किती अंश राहायचं ते ठरवतो. परदेशातल्या चाचण्या बहुतेक 20 ते 25 अंशांच्या खोलीत होतात. तिथे 75 दाखवणारा प्रोसेसर तुमच्या मे महिन्यातल्या 42 अंशांच्या खोलीत 92-95 दाखवणार, पेस्ट कुठलीही लावा. दोन चांगल्या पेस्टमध्ये एक-दोन अंशांचा फरक असतो. डिसेंबर आणि मे यांच्यात वीस अंशांचा. एप्रिलपासूनच त्रास सुरू झाला, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय.

म्हणून पेस्ट लावल्यावर एक सोपी परीक्षा करा. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा, सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण लोड देणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा, आकडा लिहून ठेवा. मग कॅबिनेटची बाजूची पत्री काढून पुन्हा तेच करा. आकडा पाच-सहा अंशांनी किंवा जास्त उतरला तर कॅबिनेट कोंडतंय: पुढून हवा आत घेणारा आणि मागून बाहेर टाकणारा असे दोन पंखे लावा. फरक पडला नाही तर कूलरच्या पात्यांमध्ये टॉर्च मारून बघा. कापसाच्या पट्ट्यातली मशीनं मी पुष्कळ उघडली आहेत. तिथे धूळ भुकटीसारखी बसत नाही, तंतूंचा नमदा होतो, आणि पंखा वर फिरत असतो पण हवा खाली उतरतच नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सोडून भणाण फिरवू नका, बेअरिंग जातं.

आणि एक उपाय फुकट आहे. बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन 5600जी ला 45 वॅटच्या मर्यादेवर ठेवा. ही सोय प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीनेच दिलेली आहे. रेंडरला थोडा वेळ जास्त लागेल, पण तापून वेग पडणारं मशीन आणि सुरुवातीपासून एका लयीत चालणारं मशीन यांत दुसरं रात्रभर भरवशाचं. कायमचा उपाय हवा असेल तर 120 मिलिमीटर पंख्याचा, चार हीटपाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या तांब्याच्या नळ्यांचा) टॉवर कूलर घ्या. सोबत आलेला तो बुटका कूलर पूर्ण ॲल्युमिनियमचा आहे, ऑफिसच्या कामाला बरा, खानदेशातल्या मे महिन्यात तासन् तास रेंडर करायला नाही.

पेस्ट लावण्याबद्दल इंटरनेटवर गरजेपेक्षा जास्त वाद आहेत. मधोमध मटारच्या छोट्या दाण्याएवढा ठिपका, वरून कूलर सरळ ठेवायचा, स्क्रू कर्णरेषेत थोडे थोडे आवळत जायचे. एक पूर्ण आवळून मग दुसरा असं करायचं नाही. ठिपका की फुली की रेघ, यात एखाद्या अंशाचा फरक. कमी पडणं वाईट. थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येते, पुसून टाकायची. त्याआधी पॅडचा चिकटपणा निघेपर्यंत दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सिलिकॉनचं तेल राहतं त्यावर. चष्मा पुसायचं कापड चालतं, कापूस नको, तंतू राहतात. पेस्ट कुठली? आर्क्टिकची एमएक्स मालिका किंवा नॉक्टुआची एनटी-एच मालिका, दोन्हींवर माझा भरवसा आहे. ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांकडे डबीत मिळते ती पांढरी पेस्ट ट्रान्झिस्टरसाठी ठीक आहे, रात्रभर रेंडर करणाऱ्या प्रोसेसरसाठी नाही. टूथपेस्ट तर नकोच. तीत पाणी असतं, ते उडालं की मागे खडूची भुकटी उरते.

पुढच्या वेळेसाठी एक सांगून ठेवतो, कारण तुमच्या मशीनमध्ये पिना सॉकेटमध्ये (मदरबोर्डवरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेत) नाहीत, प्रोसेसरलाच आहेत. जुनी पेस्ट कडक झालेली असताना कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्यासोबत येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, स्क्रू सोडा, कूलर डावी-उजवीकडे हळू पिळा, सुटला की मगच उचला.

आता लॅपटॉप. इथे मला जास्त वेळ थांबावं लागेल, कारण इथे ‘पॅड’ म्हणणारा माणूस कधीकधी बरोबरही असतो.

डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर झाकण असतं, ते उष्णता पसरवतं. लॅपटॉपमध्ये झाकण नाही, सिलिकॉनचा उघडा तुकडा, ज्याला आम्ही डाय म्हणतो, तोच थेट तांब्याला टेकतो. क्षेत्रफळ नखाएवढं. दीड चौरस सेंटिमीटर डायमधून 45 वॅट जाताना पेस्टच्या थरात 3 अंश जातात, तुमच्या निळ्या पॅडमध्ये 23, तेही पाकिटावरचा आकडा खरा असेल तर. म्हणून वर ‘अजिबात नको’ म्हटलं.

पण उघड्या डायवर पेस्टचीही एक अडचण आहे. चिप तापते, थंड होते, पुन्हा तापते. सिलिकॉन आणि तांबं सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. प्रत्येक फेरीत दोघांच्या मधली पेस्ट किंचित बाहेर ढकलली जाते. काही महिन्यांनी उघडलं तर डायच्या कडेला पेस्टचा बांध आणि मधे जवळजवळ कोरडी जागा. लोक म्हणतात पेस्ट वाळली. बहुतेक वेळा ती वाळलेली नसते, सरकलेली असते. पातळ, सहज पसरणाऱ्या पेस्टमध्ये हे लवकर होतं, घट्ट पेस्टमध्ये उशिरा. डेस्कटॉपवर चार-पाच वर्षं टिकणारी पेस्ट मी गेमिंग लॅपटॉपवर सहा महिन्यांत सरकलेली पाहिली आहे.

त्यावर आज माझ्या हातातला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे फेज चेंज शीट. हनीवेलची पीटीएम7950 त्यात सर्वांत माहितीची. दिसायला करड्या कागदासारखी, जाडी मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास. साधारण 45 अंशांना ती मऊ होऊन वाहते, दाबाखाली पेस्टइतकीच पातळ होते, थंड झाली की पुन्हा घट्ट. म्हणून सरकून जात नाही. कल्पना नवी नाही. 2000 च्या सुमारास एएमडीच्या ॲथलॉन प्रोसेसरच्या कूलरच्या तळाशी मेणासारखी चौकोनी चकती चिकटवलेली यायची, तिचीच ही सुधारलेली नात. दुकानदाराच्या मनात पॅड म्हणताना हे असेल तर तो चुकला नव्हता, माल चुकला. सिलिकॉन पॅड, ग्रॅफाइट शीट आणि फेज चेंज शीट या तिन्ही वस्तू बाजारात ‘पॅड’ याच नावाने विकल्या जातात आणि तिघींचा स्वभाव वेगळा आहे.

ही शीट विश्वासाच्या विक्रेत्याकडूनच घ्या, नावाखाली भलतंच खपवलं जातं. आणि जळगावात मे महिन्यात एक खास काळजी. तुमच्या खोलीचं तापमानच तिच्या मऊ होण्याच्या तापमानाला टेकलेलं असतं. तशीच सोलायला गेलात तर संरक्षक फिल्मसोबत शीटही ओढली जाऊन फाटते. बंद पिशवीतच पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मग काढून डायच्या मापाला किंचित मोठी कापा, एका बाजूची फिल्म काढून डायवर ठेवा, बोटाने हलकेच दाबा, मग दुसरी फिल्म सोला. पहिल्या दिवशी आकडे मनासारखे आले नाहीत तर घाबरू नका. दोन-चार वेळा चांगलं तापून थंड झाल्यावर ती पूर्ण बसते आणि आकडे उतरतात.

लॅपटॉप उघडताना बॅटरीचा कनेक्टर आधी काढा. हीटसिंकच्या स्क्रूजवळ बहुधा 1, 2, 3, 4 कोरलेलं असतं. आवळताना त्या क्रमाने, सोडताना उलट.

आणि आता ती गोष्ट, जी मी एका गिऱ्हाइकाच्या नुकसानीतून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीच्या लॅपटॉपच्या ग्राफिक्स मेमरीवरचे पॅड फाटले होते. माझ्याकडे मूळ जाडीचे नव्हते, दीड मिलिमीटरचे होते, ते लावले. जाड तेवढं चांगलं अशी तेव्हा माझी समजूत होती. स्क्रू आवळले गेले, मशीन सुरू झालं, मी दिलं. दोन दिवसांत परत आलं, प्रोसेसर शंभरीला टेकलेला. त्या मुलीचा प्रोजेक्ट जमा करायचा होता आणि तिचे ते दोन दिवस वाया गेले. उघडून पाहिलं तर डायवरची पेस्ट मी लावली तशीच फुगीर ठिपक्यासारखी होती, दबलीच नव्हती. जाड पॅडनी अख्खा हीटसिंक उचलून धरला होता. अर्ध्या मिलिमीटरने.

तेव्हापासून मी बसवलेला हीटसिंक एकदा पुन्हा उचलून ठसा बघतो. डायच्या मापाचा सगळीकडे सारखा पातळ ठसा उमटला असेल तर संपर्क बरोबर. मधे पेस्ट जाड राहिली असेल, किंवा एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पुसट, तर पॅडची जाडी किंवा स्क्रूचा दाब चुकला आहे. फेज चेंज शीट लावायची असेल तेव्हा ही ठशाची परीक्षा आधी साध्या पेस्टने करून घ्या, मग पुसून शीट लावा. लॅपटॉपमधले पॅड चांगले असतील, फाटलेले नसतील, तर त्यांना हातच लावू नका. बदलावेच लागले तर जुना पॅड जिथे चेपलेला नाही त्या कडेला व्हर्नियरने मोजा आणि तीच जाडी घ्या.

ग्रॅफाइट शीट आणि लिक्विड मेटल यांबद्दल तुम्ही कुठेतरी वाचालच, म्हणून थोडक्यात. ग्रॅफाइट वाळत नाही, सरकत नाही, पुन्हा वापरता येतं. ज्याला सारखे प्रोसेसर काढघाल करावे लागतात त्याला सोयीचं. पण ते वीजवाहक आहे. कापलेली कड डायच्या बाजूच्या बारीक पुर्ज्यांवर गेली तर शॉर्ट. लिक्विड मेटल, म्हणजे द्रवरूप धातू, उष्णता नेण्यात सगळ्यांच्या पुढे, प्लेस्टेशन 5 मध्ये सोनीने तेच वापरलंय, पण तिथे ते सांडू नये म्हणून भोवती बंदोबस्त केलेला असतो. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरून ठिसूळ करतं आणि तुमच्या डेस्कटॉपचा कूलर ॲल्युमिनियमचा आहे. तुमच्यासाठी तो विषय तिथेच संपला.

राहिला तो निळा पॅड. फेकू नका. डेस्कटॉपमधल्या एम.2 एसएसडीवर (मदरबोर्डवर आडवी बसणारी साठवणीची पट्टी) मदरबोर्डसोबत आलेली ॲल्युमिनियमची पट्टी असेल आणि तिच्याखालचा पॅड सुटला किंवा हरवला असेल, तर तिथली फट मोजून बघा. एक मिलिमीटरच्या आसपास निघाली तर हा त्याच जागेचा माल आहे. एसएसडीच्या रुंदीएवढी पट्टी कापा आणि बसवण्याआधी दोन्ही बाजूंची पारदर्शक फिल्म निघाली आहे ना, हे उजेडात धरून बघा.